मागचं काही दिसत नव्हतं

बॉस्टन सोडून सिअ‍ॅटलला राहायला जायचं नक्की झालं, तेव्हा सामान पाठवून द्यायचं आणि आपण विमानात बसायचं हेच सोपं होतं. पण अकरा वर्षं जिथं काढली तिथून सहा तासांत उठून दुसऱ्या टोकाला जायचं, हे काही मनाला पटेना. मैत्रिणीला फोन केला. "गाडीनं जाऊ की. मी येते," म्हणाली आणि रजा टाकून खरंच आली. मला पोचवून ती परतणार होती.

रस्ता शोधायला लागला नाही. आय-९० हा महामार्ग बॉस्टनला सुरू होतो आणि सिअ‍ॅटलला संपतो. ३,०२० मैल, म्हणजे साधारण ४,८६० किलोमीटर. अमेरिकेतला सगळ्यात लांब इंटरस्टेट.

मागची सीट छतापर्यंत भरली होती. पुस्तकांचे खोके, कुकर, मिक्सर आणि सगळ्यात वर आजीनं शिवलेली गोधडी. आतल्या आरशात रस्ता दिसायचाच नाही, गोधडीच दिसायची. हिरव्या इरकलीचा विटलेला तुकडा आणि त्यावर पांढऱ्या दोऱ्याचे बारीक धावदोरे. लेन बदलायची झाली की मैत्रीण मान वळवून बघायची. "थांब, ट्रक आहे… थांब… हं, घे." ती चालवत असली की हेच काम माझं.

शिकागोपर्यंत टोल आणि गर्दी, बाकी विशेष काही नाही. मिनेसोटा संपून साउथ डकोटा लागलं आणि आभाळ एकदम मोठं झालं. वेगमर्यादा ८० मैल, पण वारा असा की स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवावं लागत होतं. चेंबरलेनला मिझुरी नदीच्या काठावर विसाव्याला थांबलो. तिथं 'डिग्निटी' नावाचा पुतळा आहे, २०१६ साली उभारलेला, ५० फूट उंच. लाकोटा आणि डकोटा या तिथल्या मूळच्या आदिवासी लोकांच्या मानासाठी घडवलेली ती बाई पाठीमागून अंगावर गोधडी पांघरून उभी आहे. गोधडीवर चांदणीची नक्षी, आणि तिचे निळे पोलादी तुकडे वाऱ्यानं हलत होते. मैत्रीण गाडीकडे गेली, खोक्यांवरची आजीची गोधडी ओढून काढली आणि माझ्या खांद्यांवर टाकली. ऑक्टोबरचा गार वारा होता, पण तेवढ्यासाठी नाही टाकली तिनं. मी तिथंच रडले. बॉस्टन सोडताना रडू आलं नव्हतं.

पश्चिमेला जाताना घड्याळ तीनदा मागे घ्यावं लागतं. तिसऱ्यांदा ते लुकआउट पास या खिंडीत, मोंटाना संपून आयडाहो सुरू होतं तिथं. "तीन तास जास्तीचे मिळाले आपल्याला," मी म्हटलं. "अगं, मिळाले कुठले? परत जाताना मलाच फेडायचेत," ती म्हणाली. त्यानंतर बराच वेळ दोघी गप्प होतो. आयडाहो जेमतेम ७४ मैलांचं, बोलायच्या आत संपलं.

शेवटच्या दिवशी स्नोक्वाल्मी पास उतरलो तेव्हा पाऊस लागला. मग लेक वॉशिंग्टनवरचा पूल आला. हा पूल तळ्यात खांब रोवून उभा केलेला नाही, काँक्रीटच्या पोकळ तराफ्यांवर तरंगतो. पाणी अगदी रस्त्याच्या कडेला. माझ्या नव्या गावात मी तरंगत शिरले, आणि मैत्रीण काचेला नाक लावून बघत होती.

दोन दिवस तिनं माझं स्वयंपाकघर लावून दिलं. डबे कुठं, कुकर कुठं, सगळं तिनंच ठरवलं. ते अजून तसंच आहे. तिसऱ्या दिवशी पहाटे तिला विमानतळावर सोडलं.

परतताना गाडी रिकामी होती. आतल्या आरशात मागचा सगळा रस्ता स्वच्छ दिसत होता. उजवीकडे लेन बदलायची होती, इंडिकेटर दिला, आणि कितीतरी वेळ तशीच सरळ जात राहिले. कोणी "घे" म्हणेल म्हणून.