पुरस्कार परत का करत नाहीस?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. गडचिरोलीच्या बसमध्ये, लग्नात, तेंदूपानं गोळा करतात त्या फळीवर, भेटेल तो हेच विचारतो: विद्यापीठाचा समाजसेवेचा पुरस्कार एकट्याच्या नावानं घेतलास, आता मनाला लागतं म्हणतोस, मग परत का करत नाहीस?

घेतला, कारण आमच्या गावाचा सामूहिक वनहक्काचा, म्हणजे गावानं मिळून आपलं जंगल वापरायच्या आणि राखायच्या हक्काचा, दावा उपविभागीय समितीत पडून होता. दर खेपेला नवी त्रुटी निघायची. पुरस्काराची बातमी छापून आली आणि त्याच टेबलापुढे मला पहिल्यांदा बसायला खुर्ची मिळाली. हे खरं आहे. पण पूर्ण खरं नाही. आईनं मला स्टेजवर पाहावं, असं मला फार वाटत होतं.

गडचिरोली जिल्ह्यातल्याच मेंढा-लेखा गावाला २००९ साली असा हक्क मिळाला तो ग्रामसभेला, कोण्या एकाला नाही. २००६ चा वनहक्क कायदाच तसा आहे. आमचाही दावा ग्रामसभेचाच. पुरस्काराच्या अर्जात मात्र नावाचा रकाना एकच होता, आणि सोबत ‘उमेदवाराचे स्वतःचे योगदान दिसेल असे’ फोटो मागितले होते.

हद्द मोजायला आम्ही तीन दिवस जंगलात फिरलो. जीपीएस माझ्या हातात, वाट आजीची. सगळे तिला आजीच म्हणतात. कोणता नाला आपला, कोणत्या मोहापाशी शेजारच्या गावाची शीव लागते, हे तिला तोंडपाठ. कायद्यात म्हाताऱ्या माणसांचं लेखी निवेदन पुरावा म्हणून चालतं. तिचं निवेदन मीच लिहून घेतलं, तिनं अंगठा दिला. त्या मोहापाशी एक फोटो काढला होता. ती काठीनं शीव दाखवते आहे, मी मशीनमध्ये पाहतो आहे. अर्जाला लावताना मी तो कापला. मी मधोमध आलो. कडेला काठी आणि ती धरलेली बोटं तेवढी उरली.

गावात सत्कार झाला तेव्हा तोच फोटो मोठा करून लावला होता. आजी जवळ गेली. बराच वेळ पाहत राहिली.

“बाबू, हे काठी माही हाय ना?”

मी हो म्हणालो. पुढं काहीच सुचलं नाही.

तेव्हाचा मी अजून भांडतो माझ्याशी. म्हणतो, फोटो कापला नसता तर पुरस्कार नाही, पुरस्कार नाही तर खुर्ची नाही, फाइल तिथंच राहिली असती. कदाचित राहिलीही असती. पण ग्रामसभेचे पन्नास जण त्याच टेबलापुढे जाऊन बसले असते तर? ते आम्ही करून पाहिलंच नाही, कारण मी एकटा जायला लागलो होतो. आणि परत करायचा म्हणजे पुन्हा माझाच फोटो पेपरात. तेही नको वाटतं.

पुढं हक्क मिळाला, ग्रामसभेच्या नावानं. मी अख्खा फोटो धुऊन आजीला नेऊन दिला. तिनं स्वतःला पाहिलं नाही, मला पाहिलं नाही. झाडावर बोट ठेवलं.

“हा मोहा आपल्या हद्दीत आला ना रे?”

आला होता.