सातवीनंतरची मराठी शाळा आणि वेळेवरची गाडी

गावातली जिल्हा परिषदेची शाळा सातवीला संपते. पुढे आठ-दहा किलोमीटरवर मराठी हायस्कूल असतं, म्हणून कागदोपत्री सोय झालेली असते. पण विदर्भाच्या खेड्यांत आठवीला मराठी माध्यम सुटण्यामागे गाडीचा वाटा फार मोठा आहे. कॉन्व्हेंटची व्हॅन दारात येऊन उभी राहते, हायस्कूलकडे जाणाऱ्या एसटीचा नेम नसतो. मग घरची माणसं व्हॅन बघूनच शाळा ठरवतात.

आधी कायद्याचं. शिक्षण हक्काच्या नियमांप्रमाणे सहावी ते आठवीची शाळा ३ किलोमीटरच्या आत हवी. तेवढ्यात ती नसेल तर सातवीच्या शाळेला आठवी जोडण्याची वाट २ जुलै २०१३ च्या शासन निर्णयाने दिली आहे. शाळा व्यवस्थापन समितीने ठराव घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे ही मागणी सगळ्यात आधी करावी. नववी-दहावीला मात्र या कायद्याचा आधार नाही. घटनेतलं कलम ३५०-अ मातृभाषेतल्या शिक्षणाबद्दल सांगतं, तेही प्राथमिक टप्प्यापुरतंच. त्यामुळे पुढची दोन वर्षं सगळी भिस्त गाडीवर.

हा पेच फक्त आपलाच नाही. उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टला कोलाश्ते फेर्श्ते हे आयरिश माध्यमाचं माध्यमिक विद्यालय १९९१ साली ९ मुलांवर सुरू झालं. पुढे दूरच्या डाउनपॅट्रिक भागातल्या मुलांना शाळेच्या वेळेत पोचवणारी बस मिळेना. आयरिश माध्यमाला प्रोत्साहन द्यावं आणि त्याची वाट सुकर करावी, असं बंधन १९९८ च्या कायद्याने शिक्षण खात्यावर घातलं होतं. तो निव्वळ सदिच्छेचा भाग आहे, असं खात्याचं म्हणणं. २०११ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ते फेटाळलं. हे बंधन खरं आहे आणि बसचा विचार करताना खात्याने त्याला पुरेसं वजन दिलं नाही, असा निकाल दिला. माध्यमाचा हक्क बसच्या वेळेपर्यंत पोचतो, हे तिथे कोर्टाने मानलं. आपल्याकडे ते निदान अर्जात तरी लिहायला हवं.

हाताशी काय आहे? मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत मुलींसाठी निळ्या बस आहेत आणि शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. एसटीचा पास मुलींना बारावीपर्यंत मोफत आहे, मुलांना ६६.६७ टक्के सवलतीत. पास असूनही मूल घरी बसतं ते वेळापत्रकामुळे. मुक्कामी गाडी पहाटे निघते आणि शाळा भरते साडेदहा-अकराला. मुलं चार तास स्टँडवर काढतात, मुलगी असेल तर घरचे पाठवतच नाहीत. शनिवारी शाळा सकाळची असते, पण गाडी रोजच्याच वेळेला येते. मार्चपासून उन्हामुळे शाळा सकाळची होते तेव्हाही तेच. पावसाळ्यात रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी गेलं की गाडी अलीकडच्याच फाट्यावरून परत फिरते. म्हणून "गाडी सुरू करा" एवढंच लिहिलेला अर्ज वाया जातो. त्यात तीन वेळापत्रकं द्यावीत: रोजचं, शनिवारचं, उन्हाळ्याचं. गाडी पहिल्या घंटेच्या वीस मिनिटं आधी पोचेल आणि शेवटच्या घंटेनंतर अर्ध्या तासात निघेल, असं मागावं. रपट्यावर पाणी असताना गाडी कुठे थांबेल, तेही लिहावं.

सोबत मुलांची यादी जोडावी. नुसती आठवीची नको, आजच्या पाचवी, सहावी, सातवीचीही. पुढच्या तीन वर्षांत किती प्रवासी येणार ते आगारातल्या माणसाला त्यातून दिसतं. वाटेतल्या दोन-तीन गावांचे ठराव एकत्र असले तर फेरी परवडत नाही हे उत्तर देणं अवघड होतं. अर्ज आगार व्यवस्थापकांना, प्रत विभाग नियंत्रकांना आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नये.

हायस्कूल टिकणंही तितकंच महत्त्वाचं. शिक्षकांची पदं संच मान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे याच्या सरकारी मंजुरीत, पटावरून ठरतात. ३० सप्टेंबरनंतर दाखल झालेलं मूल त्या वर्षीच्या पटात धरलं जात नाही. आधारवरचं नाव आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव जुळलं नाही तरी तेच होतं. "पंढरी" आणि "पंढरीनाथ" एवढ्या फरकानेही एक डोकं कमी भरतं. ही दुरुस्ती सातवीचा दाखला काढायच्या आधीच करून घ्यावी.

प्रवेशाआधी मुख्याध्यापकांना आणखी एक विचारावं: आठवीची तुकडी पूर्ण मराठी आहे की सेमी? सातवीपर्यंत "समीकरण" आणि "घनफळ" शिकलेल्या मुलाला अचानक गणित-विज्ञान इंग्रजीत आलं की ते गणितात नाही, शब्दांत अडकतं. सेमीच असेल तर उन्हाळ्यात दोन्ही भाषांतल्या संज्ञांची वही करून घ्यावी. गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलांसाठी तर मराठीच दुसरी भाषा आहे, इंग्रजी तिसरी. गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःची गोंडी शाळा काढली ती काही हौसेखातर नाही.

बुटीबोरीसारख्या ठिकाणी कारखाने आले, लेआउट पडले, वस्ती वाढली. अशा ठिकाणी मराठी हायस्कूलची मागणी कोणी मोजलेलीच नसते. तिथेही काम यादीपासूनच सुरू होतं, गल्लीवार.

हे सगळं २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मांडावं. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात. जूनमध्ये अर्ज दिला तर गाडी दिवाळीनंतर येते, तोवर व्हॅनचे पैसे भरून झालेले असतात.