आमची वाटचाल: रस्त्याखालची पिवळी लाइन

२००६ साली पुण्यात महाराष्ट्र नॅचरल गॅस कंपनी स्थापन झाली आणि हळूहळू रस्त्याखाली पिवळे पाइप जाऊ लागले. मी तेव्हा पाण्याच्या लाइनची खोदाई घ्यायचो. चार माणसं आणि भाड्याचा जेसीबी. एका ठेकेदाराच्या हाताखाली गॅस लाइनचे चर खणायला मिळाले, तिथून या कामात शिरलो. आज आमचं मुख्य काम लाइन शिफ्टिंगचं. रस्ता दुरुस्त करायचा, खालचं ड्रेनेज बदलायचं, की आधी गॅसची लाइन बाजूला घ्यावी लागते.

यात खरा वेळ जातो लाइन शोधण्यात. नकाशात ती फुटपाथच्या कडेला मीटरभर खोल असते. प्रत्यक्षात मधल्या वर्षांत डांबराचे थर चढलेले असतात, फुटपाथही सरकलेला असतो. प्लास्टिकचा पाइप केबल शोधायच्या यंत्राला सहसा सापडत नाही. म्हणून आम्ही आधी ट्रायल पिट, म्हणजे लाइन शोधायचा छोटा खड्डा घेतो, तोही जेसीबी न लावता. वॉर्निंग मॅट, म्हणजे पाइपच्या वर पुरलेली इशाऱ्याची पट्टी दिसली की पहार बाहेर, पुढची माती हातानंच उकरायची.

नवी लाइन शेजारी टाकून दाबावर तपासेपर्यंत जुनी चालू ठेवतो. जोडणीच्या दिवशी मात्र सोसायट्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवायचं, कारण तेवढा वेळ शेगड्या बंद. जुना पाइप स्क्विझ टूलमध्ये दाबून गॅस अडवायचा, कापायचा, इलेक्ट्रोफ्यूजन कपलरनं, म्हणजे विजेच्या उष्णतेनं पाइपला चिकटणाऱ्या प्लास्टिकच्या बाहीनं, नवीन लाइनला जोडायचा.

तिसऱ्या वर्षी ऐन पावसाळ्यात रस्त्याच्या ठेकेदाराला खडी टाकायची घाई होती. मीही पोरांच्या मागे लागलो. एक सांधा पाइपचा वरचा पापुद्रा नीट न खरवडता जोडला गेला. तपासणीत साबणाच्या पाण्याला बुडबुडे आले. लाइनमध्ये तपासणीची हवाच होती, गॅस सोडलेला नव्हता, म्हणून निभावलं. पण तो चर पुन्हा उकरला, सांधा कापून नवा केला, आणि ती रात्र मला झोप लागली नाही.

तेव्हापासून पाइपचा वरचा पापुद्रा पूर्ण निघाल्याशिवाय, पिवळ्या साली खड्ड्यात पडलेल्या मी स्वतः बघितल्याशिवाय कपलर चढत नाही. सांधा झाला की वेल्डर मार्करनं पाइपवरच वेळ लिहितो: किती वाजता झाला, सांधा थंड होईपर्यंत पाइप हलू न देणारा क्लॅम्प किती वाजता काढायचा. ती वेळ होईपर्यंत कुणाचाही फोन आला तरी क्लॅम्पला हात लागत नाही.