कुठली जुनी सायकल घेऊ, असं तुम्ही विचारलंत म्हणून

"जुनी रेसर घेऊन फिक्सी करायची आहे, कुठल्या कंपनीची घेऊ?" हा प्रश्न मला सतत येतो. फिक्सी म्हणजे एकाच गिअरची सायकल, जिचं मागचं चाक फिरतं तोवर पेडलही फिरतच राहतं. कंपनीचं नाव सांगितलं की लोक तेवढंच धरून बसतात, म्हणून मी नाव सांगणं बंद केलं. मग "सांगायचं नसेल तर राहू द्या" हे ऐकावं लागतं. सांगायचं आहे हो! पण हीरो हॉक की प्यूजो, हा नंतरचा प्रश्न.

आधी मागच्या चाकाचा एक्सल ज्या खाचेत बसतो ती खाच बघा. खाच आडवी असेल तर चाक मागे ओढून चेन ताणता येते. गिअरच्या सायकलीत हे काम डिरेलरची, म्हणजे चेन एका दातेरी चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेची, स्प्रिंग करते, फिक्सीत डिरेलर चालत नाही. खाच उभी असेल तर चाक मागेपुढे सरकत नाही आणि ढिली चेन उतरून मागच्या चाकात अडकू शकते. अलीकडच्या बहुतेक रेसर फ्रेमना खाच उभीच असते. अशी फ्रेम कितीही देखणी, कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

मग मागच्या चिमट्यातलं, म्हणजे मागचं चाक बसतं त्या दोन टोकांमधलं, अंतर मोजा. मागे पाच चकत्यांच्या जुन्या सायकलींत ते 120 मिमी असतं आणि ट्रॅकचा हब, म्हणजे फिक्सीच्या मागच्या चाकाचा मधला भाग, सरळ बसतो. सहा-सात चकत्यांना 126 मिमी. स्टील असेल तर एवढा फरक जमवून घेता येतो, अॅल्युमिनियम असेल तर हात लावू नका. जुन्या फ्रेंच फ्रेमच्या बॉटम ब्रॅकेटमध्ये, म्हणजे पेडलचे दांडे फिरतात त्या खालच्या सांध्यात, इंग्लिश आट्यांची वाटी बसत नाही, हे प्यूजोवाल्यांनी पैसे देण्याआधी लक्षात घ्यावं. 27 इंची चाकं काढून 700सी मापाची घालणार असाल तर रिम 4 मिमी आत जाते, तेव्हा ब्रेकचे रबर तेवढे खाली उतरतात का तेही बघा.

इथवर कोणी वाद घालत नाही. वाद पुढे होतो, मी "ही फ्रेम नको" म्हटल्यावर. मी एवढा ताठ का, हे विचारणाऱ्यांसाठी आतेभावाची गोष्ट सांगतो.

त्याच्या वडिलांची, म्हणजे आमच्या काकांची, दहा गिअरची सायकल होती. मुंबई-पुणे शर्यतीत ते तिच्यावर उतरले होते, बोरघाट त्यांनी तिच्यावर चढला होता. काका गेल्यावर आत्यानं मला बोलावलं: "तूच ही याला नीट करून दे." आतेभावाला फिक्सी हवी होती. खाच आडवी, अंतर 120, सगळं हवं तसं. मग मी खालच्या नळीखाली, हेडच्या, म्हणजे हँडल बसतं त्या पुढच्या नळीच्या, जरा मागे, बोट फिरवलं. रंगाला केसासारख्या आडव्या भेगा होत्या आणि नळीला सुरकुती. सायकल कधीतरी समोरून जोरात आदळलेली होती. मी म्हटलं, "भिंतीवर लाव, चालवू नकोस."

"दादा, बाबांनी हिच्यावर घाट चढला आणि तू तिला मोडीत काढतोस?"

मी मोडीत काढ म्हटलं नव्हतं. पण आत्या उठून आत गेली, आणि त्या घरात पहिल्यांदाच मी चहा न घेता निघालो.

त्यानं ती दुसरीकडून करून घेतली. तिथे ट्रॅकचा हब न घालता जुन्या फ्रीव्हीलच्या (पेडल थांबवलं तरी चाक फिरत राहतं त्या) हबवरच फिक्सची चकती फिरवून बसवली आणि वर बॉटम ब्रॅकेटची रिंग आवळली. ट्रॅकच्या हबला रिंगसाठी आट्यांची दुसरी पायरी असते, तिचे आटे उलटे. पायांनी मागे जोर लावला की चकती सुटायला बघते, पण तिला अडवून धरणारी रिंग तशी फिरली तर उलट आवळत जाते. साध्या हबला ती पायरीच नाही, तिथे चकती आणि रिंग दोन्ही एकाच दिशेनं सुटतात. शिवाय सुटसुटीत दिसावी म्हणून मागच्याबरोबर पुढचा ब्रेकही काढला. कात्रजच्या जुन्या बोगद्याकडून पुण्याकडे उतरताना त्यानं पाय रोखले, चकती आट्यांवरून निघाली, पेडल हलकी झाली, आणि थांबायला हाताशी काहीच उरलं नाही. कठड्यावर आदळून गळपट्टीचं हाड आणि मनगट मोडलं.

आत्याचं म्हणणं, तूच केली असतीस तर हब नीट घातला असतास. ते खरं आहे. ट्रॅकच्या हबाशिवाय मी सायकल बाहेर सोडली नसती आणि पुढचा ब्रेक काढू दिला नसता. माझं म्हणणं, त्या नळीवर मी कोणालाच बसवलं नसतं. तेही खरं आहे. आणि ज्या फ्रेमवर मी बोट ठेवलं, तिला त्या दिवशी काही झालं नाही. हे आतेभाऊ मला दर वेळी ऐकवतो. एकदा टिकली म्हणजे पुढेही टिकेल, असं नाही, हे मी दर वेळी सांगतो. आमचं इथेच थांबतं.

पूर्वी मीच सांगत असे की जुनं स्टील मरत नाही, बिनधास्त घ्या. तेव्हाच्या मी काकांची सायकल करूनही दिली असती, आणि हब बरोबर असल्यानं कदाचित कोणी पडलंही नसतं. त्या माणसाला मूर्ख म्हणायला मी तयार नाही. स्टील वाकवून सरळ होतं, पसरवता येतं, वर्षानुवर्षं टिकतं. पण सुरकुती पडलेल्या नळीबद्दल त्याच्याशी माझं पटत नाही, आणि आत्याचा चेहरा आठवला की माझंही माझ्याशी पटत नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर पुण्याच्या चढउतारांना पुढे 44 आणि मागे 17 दात पुरेत, 48 च्या हौसेनं गुडघे जातात. वळतानाही पेडल थांबत नाही, म्हणून बॉटम ब्रॅकेट जमिनीपासून जितका उंच तितकं बरं, क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, 165 मिमीचे घ्या. पुढचा ब्रेक राहू द्या, यावर माझ्याशी वाद घालू नका. फोटो पाठवाल तेव्हा तीन पाठवा: मागची खाच, हेडखालची नळी आणि चकती काढलेला हब. रंग आणि कंपनी मग बघू.