लोलाचा झुमका

स्पॅनिश गायिका-नर्तकी लोला फ्लोरेसचा १९७७ मधला एक व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा लावते. माद्रिदमधला टीव्हीचा कार्यक्रम. बाई रंगात येऊन नाचतायत आणि कानातला सोन्याचा झुमका उडून पडतो. त्या गाणं थांबवून लोकांना सरळ सांगतात, तो मला परत हवाय, कष्टाच्या पैशांचा आहे! मला त्या तिथेच आवडल्या.

जन्म १९२३, स्पेनमधल्या हेरेस शहरातला. चाळीसच्या दशकात फ्लामेंको गायक मानोलो काराकोलबरोबर 'साम्ब्रा' हा कार्यक्रम गाजला, मग सिनेमे आले. आवाज फार गोड नव्हता. पण मान झटकून त्या ओळ अशी फेकत, की नजर हलत नसे.

मे १९९५ मध्ये त्या गेल्या. पंधरवड्यात मुलगा आंतोनियोही गेला, तोही गायक. लोलिता आणि रोसारियो या मुली आजही गातात.