बॉडी नसलेली गाडी

गाड्यांना टेप, हॉर्न, सेंट्रल लॉक बसवण्यात माझी अठरा वर्षं गेली. पवनीत छोटं दुकान आहे. ट्रॅक्टरवर, ऑटोवर, एकदा तर रसवंतीच्या गाड्यावरही टेप लावून दिलाय. डोंग्यावर, म्हणजे छोट्या नावेवर, लावायची पाळी मात्र गेल्या उन्हाळ्यात आली.

गिऱ्हाईक म्हणजे गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमध्ये मासे धरणारे एक ढिवर काकाजी. काखेत भाच्याच्या जीपमधून काढलेला जुना टेप. "मिस्त्री, दिवस बुडता जाळं टाकतो. बसल्या बसल्या डोळा लागते. एवढा बाजा लावून दे." मोबाईलवर ऐका म्हटलं, तर म्हणाले, "दोन मोबाईल वैनगंगेले देऊन झाले. तिसरा नाई देत."

घाटावर गेलो. फायबरचा डोंगा, मागे दोरी ओढून सुरू करायची छोटी मोटर. तिला चार्जिंगच नाही, म्हणून जीपची बॅटरी. ती घरी चार्ज करायची आणि डोक्यावरून आणायची. लाल आणि पिवळी तार एकत्र करून एकच स्विच दिला. गाडीत पिवळी तार स्टेशन लक्षात ठेवायला कायम चालू लागते. काकाजींना ऐकायचं एकच, नागपूर. बॅटरीजवळ दहा अँपिअरचा फ्यूज टाकला, आणि टेपची काळी तार सवयीने जवळच्या नटाखाली कसली. तो मोटरच्या क्लॅम्पचा नट होता.

स्विच दाबला. ढिम्म.

फ्यूज काढून पाहिला, चांगला. स्विच शॉर्ट करून पाहिला. टेस्ट लॅम्पची क्लिप त्याच नटाला लावून टोक बॅटरीच्या प्लसवर धरलं, दिवा पेटेना. बॅटरीच मेली म्हणून मी काकाजींवर चिडायच्या बेतात. ते बिडी ओढत शांत बसलेले. वैतागून डोंग्याच्या काठावर हात आपटला, तर पाण्याच्या टाकीवर थाप मारल्यासारखा पोकळ आवाज आला. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला.

गाडीत बॅटरीचा मायनस बॉडीला जोडलेला असतो. कुठल्याही नटाला काळी तार कसा, करंट पत्र्यातून परत जातो. अर्धं वायरिंग गाडीच करून ठेवते, आणि अठरा वर्षं मी ते फुकट वापरत आलो होतो. इथे बॉडी कुठली? फायबर! त्या नटाचा बॅटरीशी काही संबंधच नव्हता. डोंगा पत्र्याचा असता तर बॅटरीचा मायनसही मी सवयीने पत्र्याला कसला असता, टेप वाजला असता आणि मी पैसे घेऊन खुशाल घरी गेलो असतो. पण ते जास्त वाईट. पाण्यातल्या लोखंडातून करंट खेळवला की पत्रा खाल्ला जातो. तिथेही मायनसची तार वेगळीच ओढायला हवी.

टेपपासून बॅटरीपर्यंत जाड काळी तार ओढली. जोड नुसते पिळून ठेवले नाहीत, सोल्डर करून वर स्लीव्ह चढवली. ओलीत तांबं लवकर हिरवं पडतं. जुन्या स्पीकरांचे कोन कागदी, ते ओलीत टिकले नसते, म्हणून प्लास्टिक कोनचे दोन दिले. टेप फळीखाली झाकणाच्या डब्यात ठेवला आणि आत ओल साचू नये म्हणून डब्याच्या तळाला भोकं पाडली. बॅटरी मात्र उघड्या क्रेटमध्ये, सायकलच्या ट्यूबने आवळलेली, कारण चार्जिंगनंतर तिच्यातून गॅस निघतो. गाडीत एरियललाही बॉडीचाच आधार असतो, म्हणून इथे एरियलच्या बुडाशी ॲल्युमिनियमचा पत्रा ठेवून तोही मायनसला जोडला.

मिडियम वेव्हवर ५८५ लावलं. नागपूर आकाशवाणी स्वच्छ लागली. काकाजींनी मोटरची दोरी ओढली, आणि बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजावर टरटर सुरू झाली. प्लगची ठिणगी रेडिओत शिरत होती.

"उद्या रेझिस्टरवाला प्लग आणतो, काकाजी."

"काऊन? जाळ्यापाशी मोटर कोन चालू ठेवते?" त्यांनी मोटर बंद केली, आवाज दोन घर वाढवला आणि वल्हं हातात घेतलं.