दाताआधी मान

"मॅडम, पोरीचे दात समोर आले न, मान काऊन पाहून रायल्या?" दारव्ह्याकडच्या दातांच्या शिबिरात वहिनीनं थेट विचारलं.

डॉक्टर मॅडमनी पुतणीला बाजूनं उभं केलं होतं. मान पुढं, हनुवटी वर, ओठ उघडे.

नाक चोंदलं की श्वासासाठी पोरं मान अशीच काढतात. जीभ टाळू सोडून खाली येते, दातांना बाहेरून आवरणारा ओठही सुटतो. मान अशी राहिल्यानं ताणलेल्या त्वचा-स्नायूंचा जबड्याच्या वाढीवर परिणाम होत असावा, असं सोलो आणि क्राइबॉर्ग या संशोधकांनी १९७७ मध्ये मांडलं होतं. अर्थात निव्वळ मानेमुळे दात पुढं येतात असं सिद्ध नाही. घराण्याची ठेवण, अंगठा चोखणं हेही असतंच.

मला लागलं ते एवढंच, की इतक्या वर्षांत तिचं नाक कुणी तपासलंच नव्हतं. 'तोंड उघडं टाकून झोपायची सवयच आहे तिला,' म्हणत राहिलो सगळे.

तुमची पोरं कशी झोपतात?